उमेदवार रामटेके यांची घरची खुर्ची

आमच्या कंपनीच्या गेटवर रोज सकाळी सव्वाआठला एक गृहस्थ बगलेत घडीची खुर्ची मारून उभे असतात. पाऊस असो, बर्फ असो, खुर्ची असतेच. खिडकीतल्या माणसाकडून ते 'पाहुणा' असं लिहिलेला बिल्ला घेतात, सही करतात, बिल्ला गळ्यात अडकवतात आणि खुर्ची सांभाळत आत जातात. संध्याकाळी बिल्ला परत, खुर्ची गाडीच्या डिकीत आणि गृहस्थ घरी. गेली नऊ वर्षं हे असंच चाललं आहे. नऊ वर्षं रोज येऊनही ज्याचं पाहुणेपण संपलं नाही असा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

हे हेमंत रामटेके. मूळचे नागपूरचे, वय बावन्न, मुक्काम आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावर. जर्मनीत इंगोलश्टाटला लागून आमचं हे छोटं गाव आहे. निम्मं गाव गाड्या बनवतं आणि उरलेलं निम्मं त्या गाड्यांचे सुटे भाग. मीही एका सुट्या भागांच्या कंपनीत पगारी नोकर आहे. रामटेके त्याच कंपनीत, त्याच मजल्यावर बसतात, पण ते नोकर नाहीत. ते फ्रीलान्सर, म्हणजे जर्मन भाषेत फ्रायबेरुफ्लर. आणि खुर्चीचं सगळं रामायण त्यातूनच निघालेलं आहे.

जर्मनीत एक शब्द आहे, 'शाइनझेल्बष्टेंडिषकाइट'. म्हणताना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागतो. त्याचा अर्थ एवढाच की माणूस नावाला स्वतंत्र, पण प्रत्यक्षात कंपनीचा नोकर. सरकारी खात्याला असा संशय आला की कंपनी अडचणीत, माणूस अडचणीत आणि कॉन्ट्रॅक्टचा निकाल. मग खातं तपासतं की हा हत्यारं कोणाची वापरतो, हुकूम कोणाचा ऐकतो, इतरांत किती मिसळतो. शहाणी माणसं यावर एकदा वकिलाचा सल्ला घेतात आणि कामाला लागतात. रामटेक्यांनी नियमांचं पुस्तक मुळातून वाचलं आणि मनावर घेतलं.

त्यामुळे लॅपटॉप त्यांचा, कॉफीचा मग त्यांचा, स्टेपलर त्यांचं. कंपनीच्या खुर्चीवर बसणं म्हणजे कंपनीची साधनं वापरणं, म्हणून खुर्चीही घरची. सुरक्षा विभागाच्या माणसाने एकदा हरकत घेतली, की बिनतपासणीची खुर्ची आत आणता येणार नाही. दुसऱ्या दिवशी रामटेके खुर्ची रीतसर तपासून, तिला स्टिकर लावून हजर. टीममधली पोरं एकमेकांना 'डू' म्हणजे अरे-तुरे करतात, रामटेके मात्र बावीस वर्षांच्या पोरालाही 'झी' म्हणजे अहो-जाहो घालतात. ग्रुप फोटोत 'सगळे जवळ या' म्हटलं की हे दोन पावलं बाजूला होतात. कोणाचा वाढदिवस असला आणि केकची बशी फिरत यांच्यापर्यंत आली की दोन्ही हात वर करून मागे सरतात.

"पुरावा होऊन जाते ना, साठेभाऊ," मला हळूच सांगतात. "आज केक खाल्ला, उद्या ते म्हणतील, हा तर यांच्यातलाच आहे."

मी एकदा म्हटलं, अहो, केकवरून कोणाला पकडल्याचं ऐकलंय का तुम्ही. त्यांनी माझ्याकडे अतिशय करुणेने पाहिलं. पगारी माणसाला जगातले धोके कळत नाहीत, असं त्यांचं ठाम मत आहे.

दुपारचा डबाही ते कॅन्टीनमध्ये खात नाहीत. बारा वाजता पार्किंगमध्ये जाऊन स्वतःच्या गाडीत खातात. आमच्याकडे बारा वाजले की कॉरिडॉरमध्ये जो भेटेल तो 'माल्त्साइट' म्हणतो. त्यात 'जेवा आता' असंही आलं आणि 'कसं काय' असंही आलं. सकाळपासून भांडलेली माणसंही त्या वेळी एकमेकांना माल्त्साइट म्हणतात. रामटेके बाराला पाच कमी असतानाच उठतात आणि मागच्या जिन्याने उतरतात. त्या जिन्यावर कोणी भेटत नाही.

आता वाचकाला वाटेल की असला माणूस कंपनीने नऊ वर्षं ठेवून का घेतला. तर त्याचं कारण रामटेक्यांचा कान. ब्रेक दाबल्यावर गाडी जी कुईं करते, त्या कुईंचे ते डॉक्टर आहेत. आम्ही यंत्रं लावून आठवडाभर आलेख काढतो, रामटेके डोळे मिटून एकदा ऐकतात आणि सांगतात की पॅडची कड तासा. ती कड तासली की आवाज बंद. कंपनीने त्यांना तीनदा कायमची नोकरी देऊ केली. तिन्ही वेळा त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं.

का, म्हणून विचारलं तर एरवी विनोदावर नेतात. लग्न का केलं नाही, याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार आहे: "ते अनबेफ्रिस्टेट असते ना, भाऊ." म्हणजे बेमुदतीचं कॉन्ट्रॅक्ट. पण एकदा, माझ्या बायकोने केलेल्या पुरणपोळीवर खूश होऊन बसलेले असताना, सहज बोलून गेले. त्यांचे वडील नागपुरात गिरणीत होते. एकवीस वर्षं आपली गिरणी, आपली गिरणी करत राहिले आणि एका सकाळी गेट बंद. मग रामटेके हसले आणि म्हणाले, "पाहुण्याले कोणी काढून टाकत नाही." आणि आणखी एक पोळी मागून घेतली.

असा हा माणूस जर्मन राजकारणात कसा शिरला, तर ब्रेकमुळे.

आमच्या गावात फुलांचं दुकान चालवणाऱ्या फ्राउ हुबर आहेत. साठीच्या, उंच, आवाज खणखणीत. एक दिवस त्यांची फुलांची गाडी चौकात थांबली आणि रामटेके रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. काच खाली करायला लावून त्यांनी सांगितलं, मागचं डावं चाक, आतला पॅड, जास्तीत जास्त दोन आठवडे. बाई चिडल्या, तरी गॅरेजमध्ये गेल्या. निदान तंतोतंत बरोबर निघालं. तेव्हापासून फ्राउ हुबरना वाटायला लागलं की हा माणूस लोकांचं ऐकू शकतो, आणि गावच्या राजकारणात नेमकी याचीच टंचाई आहे.

बाईंचा एक छोटा अपक्ष गट होता आणि गेमाइंडराटची निवडणूक तोंडावर आलेली. गेमाइंडराट म्हणजे गावचं निवडून आलेलं मंडळ. वीस जागा, म्हणून यादीत वीस नावं हवीत. एकोणीस जमली होती. विसावं नाव नुसतं यादी पुरी दिसावी म्हणून हवं होतं. रामटेक्यांना जर्मन नागरिकत्व मिळून दोन वर्षं झाली होती. बाई आल्या आणि विचारून गेल्या.

रामटेके रात्रभर झोपले नसावेत, कारण आमच्या डोक्यावर येरझाऱ्या ऐकू येत होत्या. सकाळी जिन्यात भेटले ते निर्णय घेऊनच. सहा वर्षांची मुदत, वर कोणी बॉस नाही, आणि केक खाल्ला तरी हरकत नाही. फक्त एक शंका त्यांनी बाईंना फोन करून विचारली होती, सभागृहात बसायला खुर्ची कोणाची असते.

खुर्चीसाठी माणसं काय काय करतात हे आपण मराठी माणसांनी पुष्कळ पाहिलं आहे. पण खुर्ची घरून आणू का, असं विचारणारा उमेदवार मला तरी नवा होता.

विसाव्या क्रमांकाच्या उमेदवाराने घरी बसायचं असतं. पण इथल्या निवडणुकीत एक गंमत आहे. जितक्या जागा तितकी मतं प्रत्येक मतदाराला. म्हणजे आम्हाला वीस. त्यातली एकाच माणसाला जास्तीत जास्त तीन देता येतात. त्याला 'हॉयफेल्न' म्हणतात, म्हणजे ढीग लावणं. असे ढीग लागले तर यादीच्या तळाचा माणूस सर्रकन वर येतो. हे कळल्यावर रामटेक्यांचा चेहरा असा उजळला की मला काळजी वाटायला लागली.

त्यांचा जाहीरनामा एक कलमी होता. गावात अग्निशमन दलाची जुनी इमारत रिकामी पडलेली आहे. तिथली एक खोली गावाने द्यावी, त्यात एक मोठं टेबल ठेवावं आणि दुपारी बारा वाजता गावातल्या सगळ्या एकट्या काम करणाऱ्यांनी तिथे येऊन जेवावं. बाकी काही नाही. पोस्टरवर त्यांचा फोटो आणि खाली जर्मनमध्ये लिहिलं होतं, 'बारा वाजता. एक टेबल.'

मी त्यांना म्हटलं, रामटेके, निवडणुकीच्या पोस्टरवर बारा वाजल्याचं कोणी लिहितं का. ते म्हणाले, जर्मन माणसाचे बारा वाजले की तो जेवायला जाते, त्याले काही होत नाही.

शनिवारच्या बाजारात इतर पक्ष पेनं आणि फुगे वाटत होते. रामटेक्यांनी स्वतःच्या खुर्चीशेजारी पाना-पक्कड मांडली आणि पाटी लावली की सायकलचा ब्रेक वाजत असेल तर या. दहा वाजता एक आजी आल्या, साडेअकराला रांग चौकापर्यंत गेली. शेजारी माझी बायको स्मिता आणि इतर मराठी घरांतल्या बायका तर्री पोहे वाढत होत्या. एका धिप्पाड शेतकऱ्याने तीन प्लेटा खाल्ल्या, कपाळाचा घाम पुसला आणि हा उमेदवार कोणत्या पक्षाचा आहे याची चौकशी न करताच मत द्यायचं कबूल केलं. आमच्या सभेला मराठी माणसांची गर्दी दांडगी असायची. अकरा घरं झाडून हजर. त्यांतले मताचा हक्क असणारे, म्हणजे जर्मन नागरिक झालेले, आम्ही दोघे धरून चार. उरलेले टाळ्या वाजवायला.

एक अडचण नमस्काराची झाली. बव्हेरियात भेटेल त्याला 'ग्र्यूस गॉट' म्हणतात, त्यात देव येतो. रामटेके बुद्धाला मानणारे, त्यांना हा देव मध्ये नको होता. फ्राउ हुबर म्हणाल्या, मतं हवी असतील तर म्हणावं लागेल. रामटेक्यांनी तोडगा काढला. समोरचा ग्र्यूस गॉट म्हणाला की हे मान लववून म्हणायचे, 'तुम्हालाही.'

एकदा गास्टहाउसमध्ये, म्हणजे गावच्या खानावळीत, त्यांचं भाषण झालं. बिअरच्या ग्लासांमागे तीसेक माणसं होती. मला वाटलं होतं की हे ब्रेकवर घसरणार. पण ते कागद न घेता उभे राहिले आणि सावकाश, व्याकरणशुद्ध जर्मनमध्ये बोलले. म्हणाले की कारखाने माणसं कमी करत आहेत हे तुम्ही रोज पाहता. तुमच्या मुलांना कामं मिळतील, पण नोकऱ्या मिळतीलच असं नाही. एक काम संपेल, दुसरं सुरू होईल, आणि सगळे आपापल्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसतील. कायदे म्युनिकला आणि बर्लिनला होतात, ते मी बदलू शकत नाही. पण बारा वाजता त्या मुलाला माल्त्साइट कोण म्हणणार, हा गावाचा प्रश्न आहे. तो मी सोडवू शकतो.

मग मागून एक सुईण उठली. इथे पुष्कळ सुइणी स्वतंत्रपणे काम करतात. ती म्हणाली, मी पंधरा वर्षं गाडीत सँडविच खाते आहे. आणि बसली. त्या क्षणी मला प्रथमच वाटलं की हा माणूस निवडून येऊ शकतो.

मतपत्रिका आली ती टेबलक्लॉथएवढी. आम्ही पोस्टाने मत देणार होतो. स्मिताने जेवणाचं टेबल पुसून घेतलं, मी चष्मा लावला, आणि दोघांनी अगदी तळाशी असलेल्या रामटेक्यांसमोर सुंदर अक्षरात तीन-तीनचा आकडा घातला. आमच्या लेकीने दारातून पाहून 'गेनाऊ, पापा', म्हणजे अगदी बरोबर, म्हणून शाबासकी दिली. पाकीट बंद केलं, पेटीत टाकलं. परीक्षेचा पेपर चांगला गेल्यासारखं वाटत होतं.

मोजणी सोमवारी सकाळीही चालू होती, शाळेच्या हॉलमध्ये. ती कोणालाही पाहता येते. रामटेक्यांनी स्वतःच स्वतःला रजा मंजूर केली आणि खुर्ची घेऊन तिथे जाऊन बसले.

संध्याकाळी निकाल कळला. फ्राउ हुबरच्या गटाला दोन जागा मिळाल्या. पहिली अर्थातच बाईंना. दुसरी गावातल्या एका दातांच्या डॉक्टरला. आणि विसाव्या क्रमांकावरून निघालेले रामटेके तिसरे आले होते. डॉक्टरपेक्षा दोन मतं कमी.

मी धावत वर गेलो. मला वाटलं होतं की माणूस खचला असेल. रामटेके भांडी घासत होते. म्हणाले, सतरा लोकांले मागे टाकलं, भाऊ, अन् मी तर पाहुणा. चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नव्हता, उलट काहीतरी गोड खाल्ल्यासारखे दिसत होते. मला ते नाटक वाटलं.

त्यानंतर दीडेक महिन्याने मी फ्राउ हुबरच्या दुकानात फुलं घ्यायला गेलो. बाईंनी आनंदाने सांगितलं की टेबल मंजूर झालं आहे. मंगळवारी आणि गुरुवारी, सहा महिने प्रयोग म्हणून. सभागृहात त्यांनी रामटेक्यांचंच भाषण वाचून दाखवलं होतं. मी म्हटलं, फारच छान, तो स्वतः तिथे असता तर आणखी छान झालं असतं.

बाईंचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी कात्री खाली ठेवली. म्हणाल्या, तो असताच, पण तुझा मित्र वेडा आहे. मोजणीत एक मतपत्रिका निघाली होती. सगळं बरोबर, रामटेक्यांना तीन मतं, पण वर मधोमध एक चिन्ह काढलेलं. पेन चालतं का ते पाहण्यासाठी मारलेल्या रेघोट्या असतील तर मत धरायचं, काही लिहिलेलं असेल तर मत बाद, असा नियम. मोजणारे तिघे बुचकळ्यात पडले. बाईंनी स्वतः सांगितलं होतं की रेघोट्याच आहेत. तेवढ्यात एकाला रामटेके दिसले, त्याने त्यांना बोलावून विचारलं. त्यांनी कागदाकडे खूप वेळ पाहिलं आणि सांगितलं, नाही, हे अक्षर आहे. तीन मतं गेली आणि तो हरला दोनने.

मी विचारलं, चिन्ह कसं होतं. बाईंनी फुलं गुंडाळायच्या कागदावर काढून दाखवलं. वर आडवी रेघ, खाली एक गाठ, तिला शेपूट, डोक्यावर वेलांटी.

तो माझाच 'श्री' होता. लहानपणी शाळेत कोऱ्या कागदावर काहीही लिहिण्याआधी वर मधोमध 'श्री' काढायची सवय लागली, ती अजून गेलेली नाही. वाण्याच्या यादीवर श्री असतो, रजेच्या अर्जावर असतो, जिन्याच्या साफसफाईच्या पाळीपत्रकावरसुद्धा मी श्री काढलेला आहे. हात आपोआप वर जातो. त्या दिवशीही गेला असणार. हुबरबाईंना पैसे देऊन बाहेर पडलो. फुलं तिथेच विसरलो.

घरी येऊन स्मिताला सांगितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाली, आधी वर जा आणि पाया पडा त्यांच्या.

मंगळवारी त्या टेबलाची पहिली पंगत होती. मी ऑफिसातून निघून तिथेच गेलो, कारण एकट्याने त्यांच्यासमोर उभं राहायचं धैर्य नव्हतं. सुईण आली होती, एक भाषांतर करणारे आजोबा होते, एक पियानो शिकवणारी मुलगी, वेबसाइट बनवणारे दोघे. सगळ्यांचे डबे उघडलेले. रामटेके पातेलंभर पोहे घेऊन आले होते आणि यजमानासारखे वाढत फिरत होते. त्या पियानोवाल्या मुलीला ते चक्क 'डू' म्हणत होते. मी त्यांना खिडकीपाशी नेलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सीट माझ्यामुळे गेली, सहा वर्षं गेली, मला माफ करा, असं बरंच काही बोललो.

"मले माहीत आहे ना," ते म्हणाले. "तुमचं अक्षर मी ओळखत नाही काय? पाळीपत्रकावर दर महिन्याले पाहतो."

मी म्हटलं, मग रेघोट्या आहेत असं का नाही सांगितलंत. देव-बीव तर तुम्ही मानत नाही. एका शब्दाने काम झालं असतं.

रामटेक्यांनी पळी पातेल्यात ठेवली.

"श्रीशी माझं काही घेणंदेणं नाही, भाऊ. अक्षराशी आहे. माझी माय बेचाळीस वर्षांची असताना लिहायले शिकली. पाटी घेऊन दारात बसे. येणारे-जाणारे हसत, म्हणत, म्हातारी रेघोट्या मारून राहिली. माय काही म्हणत नसे, पुन्हा गिरवे. सहा महिन्यांनी तिनं माझ्या शाळेच्या कागदावर सही केली. अन् इथं तीन जर्मन लोक मले विचारून राहिले, हे अक्षर आहे की रेघोट्या. तुम्हीच सांगा, मी काय म्हणू?"

रामटेक्यांनी माझ्याकडे न पाहता एक प्लेट उचलली, पोहे वाढले, वर तर्री घातली आणि माझ्या हातात दिली. मग मला दंडाला धरून टेबलापाशी नेलं, पियानोवाल्या मुलीला जरा सरकायला सांगितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जर्मनमध्ये म्हणाले, "हा साठे. हा माझा माणूस आहे."